सिनेमाची शाळा आणि अण्णांचा प्रश्न
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णांचा गावात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. लग्न असो, हरिनाम सप्ताह असो, नाहीतर निवडणुकीची सभा असो, आमचे कर्णे बांधले गेल्याशिवाय कार्यक्रमाला सुरुवात होत नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत ‘मला सिनेमात काम करायचे आहे’ असे मी घरात जाहीर केले, तेव्हा कोणी रागावले नाही. आई चुलीकडे वळली. अण्णांनी मात्र वायरीचे वेटोळे गुंडाळता गुंडाळता विचारले, “त्येची शाळा असती का? आन् ती शिकल्यावर पोटाला मिळतं का, त्येवढं सांग.”

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझी दोन वर्षे आणि अण्णांचे पंचवीस हजार रुपये गेले. त्या पैशांत नवा अँप्लिफायर यायचा होता. जे हाती लागले ते माझ्यासारख्या इतरांना उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पंचवीस हजारांची हकिकत सांगून टाकतो. वर्तमानपत्रातील जाहिरात वाचून मी चुलतभावाबरोबर मुंबईच्या एका उपनगरात गेलो. ‘तीन महिन्यांत कॅमेऱ्यापुढे’ असे त्या जाहिरातीत होते. दोन खोल्या, भिंतीवर नटनट्यांचे फोटो, गार हवेचे यंत्र. फीचा पहिला हप्ता घेतला, मग माझे वेगवेगळ्या कपड्यांत फोटो काढले आणि त्याचे पैसे निराळे. तीन आठवडे आरशासमोर संवाद म्हणून झाले. एके दिवशी मी सहज विचारले, “सर, आपला कॅमेरा कोणता?” तेव्हा असे कळले की कॅमेरा ‘गरजेप्रमाणे भाड्याने’ येतो. ती गरज मी तेथे असेपर्यंत कधी पडली नाही. भाड्याने वस्तू देण्याचा धंदा आमच्या घरातच असल्यामुळे या उत्तराचा अर्थ मला लगेच समजला. मी परत आलो. अण्णा एवढेच म्हणाले, “दुकानात माल न्हाई, आन् पाटी मोठी.”

सिनेमाची शाळा ही कल्पनाच आपल्याकडे तशी उशिरा आली. पूर्वी हे शिक्षण गवंडी किंवा सोनार शिकतो तसे, उस्तादाच्या हाताखाली होत असे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम पडेल ते काम करीत शिकले. दामले आणि फत्तेलाल हेही तेथलेच. याच मंडळींनी 1929 साली ‘प्रभात’ काढली आणि 1933 मध्ये ती पुण्याला आणली. दामल्यांनी ध्वनिमुद्रणात हात बसवला तो कोणत्याही वर्गात बसून नव्हे. मात्र या पद्धतीत एक मेख होती. कंपनीत शिरायला कोणाची तरी ओळख लागे, आणि कंपनी बुडाली की शाळाही बुडे. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या स. का. पाटील यांच्या चौकशी समितीने 1951 च्या अहवालात सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढावी अशी शिफारस केली. ‘प्रभात’ बंद पडली होती. तिच्याच आवारात 1960 साली पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. ज्या जागेत उमेदवार घडत होते त्याच जागेत विद्यार्थी घडू लागले, हा योग मला फार आवडतो. तेथील आंब्याच्या झाडाला विद्यार्थी ‘विझडम ट्री’ म्हणतात आणि त्याखाली बसून वाद घालतात. मी ते फाटकाबाहेरून पाहण्याचा प्रयत्न केला, दिसले नाही.

शाळेतून धंद्यात जाण्याची वाट नेमकी कशी असते? मला ती एका चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सापडली. 1983 सालचा ‘जाने भी दो यारो’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. दिग्दर्शक कुंदन शाह, छायालेखक बिनोद प्रधान, संकलक रेणू सलुजा, निर्मितीची व्यवस्था पाहणारे विधु विनोद चोप्रा : हे सगळे पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे. पडद्यावर नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह हेही तेथून शिकून गेलेले. पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, आणि तोही तुटपुंजा. जी बाग कथेच्या मध्यभागी आहे तिचे नाव ‘अँटोनिओनी पार्क’. इटलीच्या अँटोनिओनी या दिग्दर्शकाने एका छायाचित्रकाराच्या फोटोत खून सापडतो असा चित्रपट काढला होता. त्याची ही थट्टा. वसतिगृहात रात्री जागून चित्रपट पाहिलेल्यांनाच असली थट्टा सुचते.

पुढे काय झाले पाहा. चोप्रा निर्माते-दिग्दर्शक झाले. त्यांच्या ‘परिंदा’चे (1989) संकलन रेणू सलुजांचे आणि छायालेखन बिनोद प्रधानांचे. 2003 मध्ये चोप्रांनी ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ची निर्मिती केली तेव्हा कॅमेऱ्यामागे पुन्हा बिनोद प्रधानच होते, आणि दिग्दर्शक होता याच संस्थेतून संकलन शिकलेला, त्यांच्याहून तरुण, राजकुमार हिराणी. म्हणजे सत्तरच्या दशकातील वसतिगृहातली ओळख तीस वर्षे काम देत होती. ज्याचा बाप वा मामा या धंद्यात नाही, त्याला शाळेने द्यायची पहिली गोष्ट प्रमाणपत्र नसून ही सोयरीक आहे, असे माझे मत झाले आहे. पाहुण्यांच्या ओळखीची जागा वर्गमित्र घेतात. आमच्या सरांना हे मत फारसे पटले नाही. ते म्हणाले, “अरे, विद्या म्हणून काही आहे की नाही?” आहे, निश्चित आहे. परंतु तेथे विद्याच मुळी चौघांच्या टोळीने शिकायची असते. दिग्दर्शन, छायालेखन, संकलन आणि ध्वनी या विभागांचे एकेक विद्यार्थी मिळून छोटे चित्रपट करतात आणि शेवटी पदविका-चित्रपट. एकाचा आवाज बिघडला की चौघांचे काम बिघडते. प्रत्येक विभागात जागा दहाबाराच, त्यामुळे कोण कामाचा आणि कोण बोलघेवडा हे तीन वर्षांत सर्वांना कळून चुकते.

येथे दुसरा मुद्दा येतो आणि तो मला शाळेच्या नावाहून महत्त्वाचा वाटतो. आपण ‘कोणती संस्था’ असे विचारतो. ‘कोणता विभाग’ हे शेवटी पाहतो. खेड्यातल्या मुलाला सिनेमा म्हणजे नट आणि फार तर दिग्दर्शक. मीही फोटो काढून घ्यायला धावलो तो त्यामुळेच. वरील हिराणींचे उदाहरण घ्या. नागपूरचा वाणिज्य पदवीधर, वडिलांची टायपिंगची संस्था. तेही आधी मुंबईच्या अभिनयवर्गात गेले, मन रमले नाही म्हणून परतले, आणि मग पुण्याला संकलनाला लागले. शिकून बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षे जाहिराती, झलका, इतरांच्या चित्रपटांचे संकलन यांवर त्यांचे चालले, आणि त्यानंतर दिग्दर्शन आले. दिग्दर्शनाचा पदवीधर बाहेर पडला की त्याला निर्माता शोधावा लागतो किंवा सहायक व्हावे लागते. संकलकाला मात्र मालिका, जाहिरात, माहितीपट, ओटीटीची वेबमालिका, काहीही चालते. अण्णांच्या भाषेत, ज्याच्याकडे हत्यार आहे त्याला हंगाम नसला तरी काम मिळते. मुंबईत प्रत्येक हुन्नराची स्वतंत्र संघटना आहे, त्या संघटनांची मिळून फेडरेशन आहे, आणि कार्डावाचून बऱ्याच ठिकाणी उभे करीत नाहीत. कार्डावर हुन्नराचे नाव असते. ‘सिनेमाची आवड’ असे कोणत्याच कार्डावर नसते.

अभिनय शिकूच नये असे मला म्हणायचे नाही. पुण्यात तो अभ्यासक्रम मध्यंतरी अनेक वर्षे बंद होता, 2004 पासून पुन्हा सुरू झाला. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी दिल्लीचे राष्ट्रीय नाट्यविद्यालय करून मग पुण्याला आले होते, हे ‘तीन महिन्यांत’वाल्यांनी ध्यानात घ्यावे.

माझे स्वतःचे मन ध्वनीवर होते. लहानपणापासून कर्णा कोणत्या दिशेला बांधला की देवळाच्या भिंतीवरून आवाज उलटतो, शिट्टी कधी बसते, हे मला कोणी न शिकवता कळत आले आहे. केरळातील विळक्कुपारा या लहानशा गावातून आलेले रेसुल पूकुट्टी पुण्यातून 1995 मध्ये ध्वनी शिकून बाहेर पडले आणि 2009 साली त्यांना ‘स्लमडॉग मिलिओनेअर’च्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळाले, हे वाचून तर मी मनात नक्की केले होते. मग जुनी माहितीपत्रके चाळली. ध्वनिविभागासाठी वर्षानुवर्षे बारावीला पदार्थविज्ञान असण्याची अट असे. मी दहावीनंतर कला शाखा घेतली ती केवळ तालुक्याच्या गावी विज्ञानाची तुकडी दूर होती म्हणून! तेव्हा मला हे सांगणारे घरात कोण होते? तसेच कलादिग्दर्शनासाठी उपयोजित कला, चित्रकला, वास्तुशास्त्र असल्या शिक्षणाची अपेक्षा असते. अटी वेळोवेळी बदलतात, परीक्षेची रीतही बदलते, म्हणून ज्या वर्षी अर्ज करायचा त्याच वर्षीचे माहितीपत्रक पाहावे. परंतु धाकट्या भावंडांना हे दहावीतच सांगा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन यांना कोणत्याही शाखेची पदवी चालत आली आहे. बी.ए. करणे म्हणजे वेळ घालवणे, असे समजून कॉलेज सोडणाऱ्या आमच्या एका मित्राला ही बाब फार उशिरा समजली.

आता पैशाचे बोलू. पुण्याची संस्था आणि 1995 साली कोलकात्यात सुरू झालेली सत्यजित राय यांच्या नावाची संस्था, या दोन्ही केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी खात्याच्या. तेथे राखीव जागा आहेत, वसतिगृह आहे. फी आता किरकोळ राहिलेली नाही, तरी खासगी संस्थांच्या मानाने बरीच कमी. गोरेगावच्या चित्रनगरीत 2006 पासून सुभाष घई यांची ‘व्हिसलिंग वुड्स’ आहे. धंद्याच्या अगदी दारात शाळा असणे हा तिचा मोठा लाभ, परंतु तिची फी आमच्या मंडपाच्या सर्व बांबूंसह धंदा विकला तरी भागणार नाही. बँका कर्ज देतात म्हणे. मात्र या धंद्यात पहिली काही वर्षे सहायकाच्या पगारावर काढायची असतात. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला मुलगा त्या वर्षांत मिळेल ती नोकरी धरतो आणि सिनेमा सुटतो. म्हणून गरिबाच्या मुलाने फीबरोबर नंतरच्या चार वर्षांचाही हिशेब मांडावा.

सरकारी संस्थांत सर्व गोडच आहे असेही समजू नये. पुण्यात तीन वर्षांचा अभ्यासक्रम काही तुकड्यांचा पुष्कळच लांबला होता. 2015 साली अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप 139 दिवस चालला. संपात उतरलेल्या विद्यार्थ्यांपैकी पायल कपाडिया यांच्या चित्रपटाला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, ही गोष्ट वेगळी. पण वाट पाहणाऱ्या घरच्या माणसाला एकेक वर्ष किती जड जाते, हे मी घरात पाहतो.

आणि जागा दहाबारा म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करावे? येथे मला आपल्या जवळचे उदाहरण द्यावेसे वाटते. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे मराठीत एम.ए. झाले आणि मग अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकले. तेथे शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ (2013) आणि ‘सैराट’ (2016) नंतरचे. ‘ख्वाडा’चे भाऊराव कऱ्हाडे हेही त्याच कॉलेजचे. तेथे ना प्रभातचा स्टुडिओ, ना आंब्याचे झाड. परंतु लघुपट पुरा करून दाखवायला लावणारा वर्ग होता आणि सांगायला स्वतःचे गाव होते. जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा विभाग मुलांकडून वर्षाला खरोखर दोन चित्रपट पुरे करून घेत असेल, तर तो मोठ्या पाटीच्या क्लासपेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

हे ताडून पाहायला फार अक्कल लागत नाही. संस्थेत जावे आणि विचारावे : यंत्रे तुमची की भाड्याची? एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती दिवस कॅमेरा येतो? पाच वर्षांपूर्वीची तुकडी आज कोठे काम करते, त्यातल्या दोघांशी बोलता येईल का? शिकवणाऱ्यांची नावे कोणत्या चित्रपटांवर आहेत? माझ्या त्या दोन खोल्यांच्या संस्थेत मी यांतला एकच प्रश्न विचारला, तोही हप्ता भरल्यावर.

सध्या मी संकलनाच्या तयारीत आहे. ग्रंथालयातील संगणकावर सरांच्या परवानगीने स्नेहसंमेलनाचे चित्रण कापतो-जोडतो. गेल्या महिन्यात अण्णांना त्यातला एक तुकडा दाखवला. भाषणाच्या मध्येच पाहुण्यांच्या खोकल्याचा भाग मी काढून टाकला होता. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, “जोड कुठं दिसत न्हाई.” मग विचारले, त्या पुण्याच्या शाळेला काय लागते. मी म्हणालो, “आधी पदवी लागते, अण्णा.”

“मग ती घे की,” ते म्हणाले, आणि सप्ताहाची वायर ओढायला निघून गेले.