चिखलाची चढण आणि पिकअपचा डिफरन्शियल लॉक

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर आता पिकअप गाड्या दिसू लागल्या आहेत. गाडी घेताना पहिला प्रश्न येतो तो ‘फोरव्हील घ्यावी की साधी?’ हा. त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला लॉक आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकारचा? सूर्यमाळसारख्या उंचावरच्या भागात जून ते सप्टेंबर या काळात डांबरी रस्ता सोडून पाड्याकडे वळले की या प्रश्नाचे उत्तर चिखलातच मिळते. मोगऱ्याच्या कळ्या तोडल्यावर त्या उमलण्याआधी दादरच्या फूलबाजारात पोचल्या नाहीत, तर तोडणीची मजुरीही सुटत नाही. शिवाय मालवाहू गाडीत माणसे बसविणे नियमाला धरून नसले, तरी अडल्या वेळी आजाऱ्याला किंवा बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत नेण्यासाठी पाड्यात तीच एक गाडी असते, हे आपण सर्वच जाणतो. ती चढणीवर अडून चालत नाही.

मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यभागी जो फुगीर गोळा दिसतो त्यात डिफरन्शियल असतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त व आतल्या चाकाला कमी अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडली, तर वळताना एक चाक घासत जाईल. डिफरन्शियलमुळे दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. बहुतेक पॉवर टिलरना डिफरन्शियल नसतो, म्हणून वळताना एका बाजूच्या क्लचचा खटका दाबून त्या चाकाची ताकद तोडावी लागते. ज्यांनी टिलरने चिखलणी केली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

या सोयीची किंमत चिखलात मोजावी लागते. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक निसरड्या गाळावर असेल तर त्याला जेवढा जोर पेलतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, मग ते दुसरे चाक पक्क्या खडकावर का असेना. काट्यावर २० चा वेग दिसतो, खडकावरचे चाक जागचे हलत नाही, आणि गाळातले चाक ४० च्या वेगाने गरगरत खाली रुतत जाते.

हिशेब मांडून पाहू. समजा, मालासह गाडीचे वजन ३,००० किलो आहे. त्यापैकी १,९०० किलो मागच्या व १,१०० किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर येते. चढण दहास एक आहे. चढणीसाठी सुमारे ३०० किलो व ओल्या वाटेवर चाके लोटण्यासाठी आणखी १५० किलो, म्हणजे एकूण ४५० किलोचा जोर लागेल. डावीकडची चाके गटाराच्या बाजूच्या गाळात आहेत. तेथे वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकीच पकड मिळते असे धरू. उजवीकडे घट्ट मुरूम आहे, तेथे निम्मी पकड धरू.

साध्या दोन चाकी ओढीच्या गाडीत गाळातले मागचे चाक ९५ किलो पेलते, म्हणून मुरमावरचेही ९५ च देते. एकूण १९०. गाडी अडली. आता फोरव्हील लावा. पुढच्या अ‍ॅक्सलचे ५५ अधिक ५५, म्हणजे एकूण ३००. गाडी अजून अडलेलीच. फोरव्हील काढून फक्त मागचा लॉक लावला तर गाळातले चाक ९५ व मुरमावरचे ४७५, असे ५७० किलो मिळतात, आणि गाडी चढते. फोरव्हील व मागचा लॉक दोन्ही असतील तर जोर ६८० किलोपर्यंत जातो.

अर्थात हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यातला मुद्दा खरा आहे. वाट एका बाजूने खराब असेल, किंवा ओढा उतरताना एक चाक अधांतरी राहत असेल, तर लॉक फोरव्हीलपेक्षा जास्त कामी येतो. उलट संपूर्ण वाटच गाळाची असेल तर दोन्ही मागची चाके सारखीच निसरडी होतात. तेथे लॉक लावूनही १९० किलोच मिळतील आणि फोरव्हीलचे ३०० बरे ठरतील. म्हणून गाडी पाहण्याआधी एका पावसाळी दिवशी आपली वाट पायी चालून पाहावी. आपल्याकडील बऱ्याच वाटा डोंगर कापून काढलेल्या आहेत. त्यांची एक बाजू कातळाची किंवा मुरमाची व दुसरी ओघळाने खचलेली असते. अशा वाटेसाठी माझे मत लॉकच्या बाजूने पडते.

लॉकचे प्रकार

पहिला प्रकार हाताने लावायचा. ट्रॅक्टरवर टाचेने दाबायचे पेडल असते तोच हा लॉक, मात्र गाडीत तो तरफेने, विजेच्या बटणाने किंवा हवेच्या दाबाने लागतो. फोर्सच्या गुरखा गाडीला पुढचा व मागचा असे दोन्ही लॉक येतात. टोयोटाच्या हायलक्स पिकअपला मागचा लॉक विजेवर चालतो, पण तिची किंमत पाहता ती भाजी-फुलांच्या वाहतुकीला परवडणारी नाही. हा लॉक पूर्ण बसतो व आपल्या इच्छेने सुटतो, म्हणून जाणत्या चालकासाठी हाच उत्तम.

दुसरा आपोआप लागणारा. महिंद्राच्या थार, स्कॉर्पिओ-एन आणि बोलेरो निओ यांच्या काही मॉडेलांत असा मागचा लॉक मिळतो. दोन चाकांच्या गतीत मोठा फरक पडला की तो स्वतःच बसतो, आणि वेग वाढला की लागत नाही. चालक बदलत असतील तर हा सोयीचा. मात्र चाक थोडे फिरल्याशिवाय तो बसत नाही व बसताना धक्का देतो.

तिसरा प्रकार लिमिटेड स्लिप. यात क्लचप्लेटा असतात. तो दोन्ही चाकांना अंशतः बांधतो, पण चाक अधांतरी गेल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्लेटा झिजतात आणि तेलही खास लागते. जुन्या गाडीत विक्रेत्याने याची तारीफ केली तर तेवढ्यावर जास्त पैसे देऊ नयेत. काही नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळविण्याची इलेक्ट्रॉनिक सोय असते. ती छोट्या अडथळ्याला पुरते, परंतु भरल्या गाडीने लांब चढण चढताना ब्रेक तापतात.

पुढचा लॉक आपल्याला लागत नाही. तो लावल्यावर स्टिअरिंग जड होते, आणि घाटवळणावर गाडी सरळच जाऊ पाहते. पैसे मोजायचेच असतील तर आधी मागचा लॉक, मग चिखलाचे चांगले टायर, आणि उरले तर बाकीचे. बाहेरून लॉक बसवून घेणार असाल तर कंपनीची हमी व विमा यांवर काय परिणाम होईल, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

वापरताना

लॉक खराब टप्प्याच्या आधी, गाडी थांबवून किंवा माणसाच्या चालीने चालवीत लावावा. चाक गरगरत असताना लावल्यास दाते किंवा अ‍ॅक्सल तुटण्याचा धोका असतो. टप्पा ओलांडताच काढावा. सुटला नाही तर थोडे मागे-पुढे करून स्टिअरिंग किंचित हलवावे. कोरड्या डांबरावर लॉक लावू नये. पिकअपच्या नेहमीच्या फोरव्हीललाही हाच नियम लागू आहे, कारण तीत पुढचा व मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी पक्के बांधलेले असतात.

दरीकडे कललेल्या वाटेवर विशेष जपावे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी न फिरणारे दुसरे चाक गाडीला आडवे धरून ठेवते. लॉक असताना दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडीचे शेपूट उताराकडे सरकते. अशा ठिकाणी लॉक काढून, माल उतरवून, वाटेत दगड-मुरूम टाकून जाणेच शहाणपणाचे. उतारावर तर लॉकचा भरवसा धरूच नये, तेथे खालचा गिअर हवा.

लॉक किंवा लिमिटेड स्लिप असलेल्या गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नये. जमिनीवरचे चाक फिरते व गाडी जॅकवरून उडी घेते. मागच्या दोन्ही टायरांचा आकार व झीज सारखी असावी.

कृषिविद्येच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. एक चाक जागच्या जागी फिरवीत राहिल्याने वाटेत खोल चाकोऱ्या पडतात. पुढच्या सरीला पाणी त्याच चाकोरीने धावते, त्याचा ओघळ होतो, आणि नागली-वरईच्या वरकस उतारावरची मूठभर माती ओढ्याला मिळते. लॉक वेळेवर लावला तर चाके कमी फिरतात आणि वाटेकडेच्या शेताचा बांधही टिकतो.

ओढ्यातून गाडी वारंवार जात असल्यास पावसाळा संपताच मागच्या गोळ्यातले तेल तपासावे. ते दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे असे समजून लगेच बदलावे, व गोळ्यावरील हवा सुटण्याची नळी चिखलाने बुजली असल्यास मोकळी करावी. तेल माहिती-पुस्तिकेत दिलेल्या प्रकारचेच भरावे. काढलेले तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून पाहावे, त्यात लोखंडाचे तुकडे दिसले तर गोळा उघडून घ्यावा लागेल.