थोरल्याचे ताट आणि धाकट्याची रुची

‘मूल काहीच खात नाही’ ही तक्रार आपणा सर्वांच्याच चिकित्सालयात नित्य ऐकू येते. अशा वेळी आपण अग्नी, कोष्ठ, कृमी व दंतोद्भव यांचा विचार करतो आणि तो आवश्यकच आहे. परंतु दोन ते पाच वर्षांच्या बालकाबाबत आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : घरातील थोरले भावंड काय, केव्हा आणि किती खाते?

सुश्रुताचार्यांनी आहारानुसार बाल्यावस्थेचे तीन भेद सांगितले आहेत : एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद व पुढे अन्नाद. अन्नाद अवस्थेच्या आरंभी बालक अनोळखी चवीकडे संशयाने पाहते. त्याच वेळी त्याची अनुकरणवृत्तीही प्रबळ असते. चरकाचार्यांनी आठ आहारविधिविशेषायतनांत ‘उपयोक्ता’ सांगताना ओकसात्म्य त्याच्या अधीन मानले आहे. ओकसात्म्य म्हणजे नित्य सेवनाने जडलेले सात्म्य. बालकाच्या बाबतीत हे नित्य सेवन बहुधा थोरल्याच्या ताटाकडे पाहूनच घडते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. दोन भाज्यांपैकी एक अधिक आवडणाऱ्या मुलांना, दुसरी आवडणाऱ्या मुलांच्या पंगतीस सलग चार दिवस बसविले, तेव्हा त्यांची निवड त्या दुसऱ्या भाजीकडे झुकली. हा प्रभाव बालवाडीतील सोबत्यांचा होता. थोरले भावंड तर रोज समोर असते.

अरुची व मलावष्टंभ असलेल्या अडीच वर्षांच्या एका बालिकेस दीपन-पाचनाने तात्पुरता उपशय मिळे व तक्रार पुन्हा उद्भवे. चौकशीअंती कळले की आठ वर्षांचा भाऊ शाळेतून आल्यावर वेफर्स व बिस्किटे खाई आणि तीही त्याच्याबरोबर तेच खाई. रात्रीच्या वरणभातास भूक उरत नसे. चरकोक्त पादांशिक क्रमाने भावाचे हे खाणे टप्प्याटप्प्याने कमी करून त्याजागी तूप-मेतकूट-भात, राजगिऱ्याचा लाडू व ऋतूतील फळ योजले. औषध तेच होते; बालिकेची रात्रीची भूक मात्र परतली.

यावरून सल्ला देताना तीन गोष्टी मातापित्यांस आवर्जून सांगाव्यात. पहिली, पथ्य एकट्या रुग्ण बालकाचे नसावे; दोन्ही मुलांच्या ताटांत पदार्थ तेच वाढावेत, राशी मात्र प्रत्येकाच्या वयानुसार व अग्नीनुसार ठेवावी. आठ वर्षांच्या मुलाची भाकरी अडीच वर्षांच्या बालकास गुरू ठरते. दुसरी, ‘दादा बघ कसा खातो’ अशी तुलना करू नये. तिने धाकट्याचा हट्ट वाढतो, आणि थोरल्याच्या वाट्याला राखणदाराचे काम येते. थोरल्याने शेपू-दुधी आनंदाने खाणे हेच पुरेसे असते. त्याला स्वतःला त्या भाज्या नावडत असतील, तर चिकित्सा तेथूनच आरंभावी.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. थोरले भावंड प्रेमापोटी आपल्या हातातील शेंगदाणा किंवा फुटाणा धाकट्याच्या तोंडात घालते. लहान बालकाच्या श्वासमार्गात असा दाणा अडकणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून पाच वर्षांखालील बालकास अख्खे दाणे देऊ नयेत. शेंगदाणे कूट करूनच द्यावेत. ही सूचना केवळ मातेस देऊन भागत नाही. थोरल्या मुलास समोर बसवून, त्याला समजेल अशा शब्दांत ती वैद्यानेच सांगावी.