कवडशाला धूळ लागते

पडद्यावर एका गोळीचं आयुष्य अर्ध्या सेकंदाचंही नसतं. या गोळीवर माझे चार दिवस गेले.

नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या खोलीत बसून मी मोबाइलवरच्या खेळांसाठी इफेक्ट तयार करतो. बंदुकीच्या तोंडाशी उठणारा भडका, धूर, ठिणग्या, भिंतीवर पडणारा डाग, हे माझं काम. या वेळची लढाई हवा नसलेल्या एका चंद्रावर होती आणि हातात किरणांची बंदूक.

आधी भडका. तो जेमतेम तीन फ्रेम टिकतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सेकंदाचा विसावा भाग. खरं तर ते एका सपाट चौकोनावर चिकटवलेलं चित्र असतं. दर वेळी ते थोडं फिरवून दाखवायचं, म्हणजे प्रत्येक भडका वेगळा वाटतो. मग उजेडाची रेघ, लागेल तिथं ठिणग्या, वर धुराचे लोट आणि हळूहळू विरणारा जळका डाग. हे सगळे थर पारदर्शक. ते एकमेकांवर चढले की फोनला तोच बिंदू पुन्हापुन्हा रंगवावा लागतो. साधा फोन तापतो, चित्र अडखळतं. म्हणून एकही थर उगाच ठेवता येत नाही.

पहिला नमुना झाला तेव्हा भाचा सुट्टीला आलेला होता. तो लातूरला राहून नीटची तयारी करतो. चार डाव खेळून त्यानं फोन खाली ठेवला. "मामा, गोळा अजून वाटंतच हाय, अन् माणूस पडला बी."

त्याचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात मार ठरवायच्या दोन रीती आहेत. हिटस्कॅनमध्ये चाप ओढताच संगणक एक सरळ रेघ टाकतो आणि त्याच क्षणी निकाल लावतो. प्रोजेक्टाइलमध्ये गोळा खरोखर अंतर कापत जातो. १९९३च्या 'डूम'मध्ये दोन्ही आहेत. पिस्तुलाची गोळी तत्काळ लागते, राक्षसाचा अग्निगोळा मात्र बाजूला सरून चुकवता येतो. माझ्या बंदुकीचा हिशेब हिटस्कॅनचा होता आणि देखाव्यासाठी मी सेकंदाला ६० मीटर जाणारा गोळा काढला होता. १२० मीटरवरच्या माणसापर्यंत त्याला दोन सेकंद लागायचे. मार कधीच बसलेला असायचा. खेळणारा डोळ्यानं शिकतो. पळणाऱ्या माणसाच्या किती पुढं नेम धरायचा, हे तो गोळ्याची चाल पाहून ठरवतो. इथं त्याचा डोळाच फसत होता.

गोळा काढला, सरळ तेजस्वी रेघ टाकली. प्रकाशाला १२० मीटर जायला सेकंदाचा पंचवीस लाखावा भाग पुरतो, तेव्हा रेघ एकाच फ्रेममध्ये उमटणं रास्तच. भाचा पुन्हा म्हणाला, "पण हवाच नाही तिथं. लेझर बाजूनं दिसंल कसा? धूळ-धूर असंल तरच दिसतो. टिंडल इफेक्ट."

मला आमचं कंधारकडचं जुनं घर आठवलं. माळवदाच्या साण्यातून दुपारी कवडसा यायचा. आजी झाडू लागली की तो खांबासारखा उभा राहायचा, धूळ बसली की नुसता जमिनीवरचा ठिपका उरायचा. संध्याकाळी भाच्याला घेऊन गोविंद बागेत लेझर शोला गेलो. कारंज्याच्या तुषारांत किरण लख्ख दिसत होते. तुषार विरळ झाले की पुसट होत.

पण किरण पूर्ण अदृश्य ठेवला तर खेळणाऱ्याला मार कुठून आला ते कळणार नाही, आणि तसा खेळ अन्यायाचा होतो. मग मी त्या जगातच कारण शोधलं. ही बंदूक किरणाआधी तोंडातून धातूची बारीक पूड फेकते, असं ठरवलं. त्यामुळे किरण तोंडाजवळ हातभर दिसतो, मध्ये दिसत नाही, आणि लागतो तिथं उडालेल्या धुळीत पुन्हा दिसतो.

धूळ कशी उडेल, हे अपोलो मोहिमांच्या चित्रीकरणानं शिकवलं. १९७२मध्ये अपोलो १६च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडी पळवली. चाकांमागची धूळ आपल्या बैलगाडीमागं तरंगते तशी तरंगत नाही. हवाच नसल्यामुळे ती कमानीसारखी उडते आणि सरळ खाली येते. मी धुराचे लोट काढून टाकले, धुळीच्या कमानी घातल्या. थर कमी झाले, फोन तापायचा थांबला.

सगळ्या शस्त्रांना आपल्या पुस्तकातलं भौतिकशास्त्र लावावं, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४मध्ये आला. त्यात कॉस्मियम नावाचं कल्पित द्रव्य आहे. शेवटपर्यंत टिकून सामना जिंकता येतो, तसाच ते ताब्यात घेऊनही. अशा द्रव्याचे नियम कर्त्यानंच घडवायचे असतात. पण एकदा त्याची चमक, रंग, आवाज ठरला की पुढं प्रत्येक ठिकाणी त्यानं तसंच वागलं पाहिजे. २००८च्या 'डेड स्पेस'मध्ये नायकाचा जीव किती उरला हे कोपऱ्यातल्या आकड्यात दिसत नाही, त्याच्या पोशाखाच्या पाठकण्यावरच्या दिव्यांत दिसतं. तिथं उजेड शोभेचा नाही, तो खबर देतो. इफेक्ट सुंदर असावाच, पण त्यानं खेळणाऱ्याला खरं सांगावं. माझ्यासाठी एवढा एकच नियम पुरेसा आहे.

चौथ्या रात्री भाचा पुन्हा खेळायला बसला. त्याला मार बसला. पडद्याच्या डाव्या कडेला, खडकाआड, पूड क्षणभर चकाकली आणि खाली बसू लागली. काही न विचारता त्यानं बंदूक तिकडं वळवली.