साखरेच्या पट्टीत इलेक्ट्रॉन कसा धावतो?

वर्षावासात धाराशिवमधल्या एका विहारात आम्ही साखर तपासणीचे शिबिर घेतले. पावसाळी दमट हवा, आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण आदल्या दिवसापासून उघडेच राहिलेले. अनेकांचा आकडा चढा दिसला. एका मावशींनी घाबरून जेवणच सोडले. प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यांची साखर ठीक निघाली. चूक आमचीच होती. तेव्हापासून वाटते, ही पट्टी काम कशी करते ते आपल्या कार्यकर्त्यांना माहीत हवे.

पट्टीवर एक विकर असते. ते रक्तातल्या ग्लुकोजकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. अडचण पुढे आहे. हे इलेक्ट्रॉन विकराच्या पोटात खोल असतात, धातूच्या पट्टीपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत. गावात एसटी येत नसली की आपण काळी-पिवळी जीप धरतो ना, तसे फेरिसायनाइडसारखे छोटे रेणू इलेक्ट्रॉन उचलून धातूपर्यंत नेतात. यंत्र तो बारीक विद्युतप्रवाह मोजते आणि त्यावरून आकडा दाखवते. ओलाव्याने हेच वाहक आधीच इलेक्ट्रॉन घेऊन बसले, तर साखर नसतानाही प्रवाह वाढतो. मावशींचा आकडा असाच चढला असावा. अंगात रक्त कमी असले तरी पुष्कळ पट्ट्या साखर जास्त दाखवतात, आणि आपल्या वस्त्यांत रक्तक्षय झालेल्या बायाबापड्या किती आहेत ते सांगायला नको.

जीपऐवजी पक्का रस्ताच बांधला तर? रेणूंची तार ती हीच. रेणूच्या एका टोकाला गंधक असले की ते सोन्याला घट्ट धरते, दुसरे टोक मोकळे राहते. असे असंख्य रेणू सोन्यावर शेतातल्या ज्वारीसारखे दाटीने उभे राहतात. साध्या कार्बन साखळीतून इलेक्ट्रॉन जातो, पण प्रत्येक वाढीव कार्बनमागे प्रवाह साधारण अडीच-तीन पटींनी घटतो. दहा कार्बन वाढले की हजारो पटींनी. एकाआड एक दुहेरी बंध असलेल्या साखळीत ही घट बरीच कमी. इलेक्ट्रॉन एका रेणूतून दुसऱ्यात कसा जातो, याच्या सिद्धांतासाठी रुडॉल्फ मार्कस यांना १९९२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही सोन्यावरच्या अशा थरांवर आणि त्यांच्या जैवसंवेदकांतील वापरावर काम झाले आहे.

हा विषय आपल्यासाठी परका नाही. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडले, त्याच्या धाराशिव उपपरिसरात रसायनशास्त्र शिकवले जाते. आपली मुले तिथून पदवी घेतात आणि बहुतेक थेट भरतीच्या मैदानावर जातात. त्यांना दोष देत नाही, घर चालवायचे असते. पण पुढच्या शिबिरात पट्ट्यांची डबी आम्ही रसायनशास्त्राच्याच एका विद्यार्थिनीकडे दिली आहे. मुदतीची तारीख ती बघेल, पट्टी काढली की झाकण लगेच लावेल, आणि आकडा चढा आला तर चिठ्ठीवर 'प्रयोगशाळेत पुन्हा तपासा' असे लिहून देईल.