सेकंदाला सात आकडे

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. ते चालकाच्या सोयीसाठी बसवलेलं नाही. त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बन्स आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स उन्हात एकत्र आली की ते डोळे चुरचुरवणारं धुरकं तयार होतं, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिलं. पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं आणि धुराचे नियम कडक केले. पण एक प्रश्न उरला. कारखान्यातून निघताना स्वच्छ असलेली गाडी आठ-दहा वर्षांनी तशीच राहिली आहे की नाही, हे कोण बघणार? उत्तर असं निघालं की गाडीने स्वतःच बघावं आणि विचारल्यावर सांगावं. १९८८च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात या व्यवस्थेची पहिली, ढोबळ आवृत्ती आली. १९९६ला तिची प्रमाणित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, देशभर सक्तीची झाली. आज जुन्या स्पोर्ट्‌स कारचे मालक याच सॉकेटमध्ये छोटा अडॅप्टर लावून चालत्या गाडीची माहिती मोबाइलवर नोंदवतात. त्या नोंदींचा खरा उपयोग कशासाठी आणि कशासाठी नाही, हे या जन्मकथेतच ठरून गेलेलं आहे.

उदाहरण म्हणून माझदा एमएक्स-५ घेऊ. १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेली ही दोन माणसांची उघडी गाडी जगातली सर्वाधिक खपाची दोन-आसनी स्पोर्ट्‌स कार ठरली. १९९६पासूनच्या अमेरिकी एमएक्स-५मध्ये ओबीडी-२ आहे. कायद्यासाठी माझदाला सेन्सर वाढवावे लागले. इंजिन मिसिंग मारतंय का हे कळावं म्हणून क्रँकवर एक, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतोय का हे कळावं म्हणून धूर त्यातून बाहेर पडतो तिथे, त्याच्या मागे, आणखी एक ऑक्सिजन सेन्सर आला. या सेन्सरांचं म्हणणं बाहेर येतं ते आयएसओ ९१४१-२ या पद्धतीने, एकाच तारेवरून, सेकंदाला १०,४०० बिट्‌सच्या वेगाने. एक बाइट पाठवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण नियमानुसार प्रश्नातल्या दोन बाइटांमध्ये निदान ५ मिलिसेकंद थांबावं लागतं, गाडी उत्तराला २५ ते ५० मिलिसेकंद घेते आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी आणखी ५५ मिलिसेकंद जाऊ द्यावे लागतात. शिवाय एका प्रश्नाला एकच आकडा. बेरीज केली तर सेकंदाला सात, फार तर आठ आकडे हाती लागतात. इंजिनाचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान, थ्रॉटल, हवेचा प्रवाह आणि इंधनाची दुरुस्ती अशा सहा गोष्टी नोंदवायच्या म्हटल्या, तर प्रत्येकीची पाळी सेकंदातून जेमतेम एकदा येते.

हा हिशोब इंजिनाशी ताडून बघितला की मर्यादा उघडी पडते. ७,००० फेऱ्यांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला सुमारे २३३ वेळा पेट घेतं. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये एक अख्खं वळण येऊन जाऊ शकतं आणि त्यात चालकाने पाय कधी उचलला याचा पत्ताही लागत नाही. वेगाचा आकडा तर एका बाइटचा असतो, पूर्ण किलोमीटरमध्ये. अर्धा-पाव त्याला माहीत नाही. शून्यापासून शंभरला आठ-नऊ सेकंद घेणाऱ्या गाडीचा आलेख अशा आठ-नऊ ठिपक्यांवर काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. फुल थ्रॉटलला मिश्रण बरोबर आहे का, हेही इथून कळत नाही. कारण त्या काळचे ऑक्सिजन सेन्सर हवा-इंधनाच्या आदर्श प्रमाणाच्या, म्हणजे १४.७ला एक या प्रमाणाच्या, अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतात, आणि पूर्ण जोर मागितला की संगणक त्यांचं ऐकणंच थांबवतो. शर्यतीची वेळ सुधारायची असेल किंवा इंजिन ट्यून करायचं असेल, तर जीपीएसचा लॉगर आणि वाइडबँड सेन्सर वेगळे घ्यावेत.

मग हे सॉकेट कुचकामी म्हणायचं का? या गाड्यांच्या अनेक मालकांचं मत तसंच पडतं, आणि तिथेच त्यांची चूक होते. ते वेगवान गाडीला वेगवान प्रश्न विचारतात. पण पंचवीस वर्षं जुन्या गाडीचे खरे प्रश्न संथ असतात. रेडिएटर एका क्षणात म्हातारा होत नाही. रबरी होज महिनोन्‌महिने वाळत जातो. इंधनाचा पंप हळूहळू दमतो. असले बदल टिपायला सेकंदाला एक आकडा पुरून उरतो.

तापमान घ्या. एमएक्स-५च्या दुसऱ्या पिढीत डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला आहे. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तेलाच्या दाबाच्या काट्याचीही तीच गत: १९९५पासून त्याच्यामागे मोजमाप राहिलं नाही, दाब आहे की नाही एवढं सांगणारा स्विच आला. सॉकेटमधून येणारा कूलंटचा आकडा मात्र अंशाअंशाने बदलतो. शहरात ९० अंशांवर टिकणारी गाडी मोकळ्या हायवेवर ७५पर्यंत उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची दाट शंका घ्यावी. उलट, सिग्नलला उभी असताना चढणारं आणि गाडी चालू लागली की उतरणारं तापमान पंख्याकडे बोट दाखवतं. आणि त्याच घाटात, तशाच हवेत, गेल्या वर्षीपेक्षा पाच-सहा अंश जास्त दिसत असतील, तर प्लॅस्टिकच्या टाकीचा जुना रेडिएटर तडकण्याआधी बदललेला बरा.

याहून बोलका आकडा इंधनाच्या दुरुस्तीचा, ज्याला मेकॅनिक ट्रिम म्हणतात. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून संगणक ठरलेल्या हिशोबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतोय, ते यातून कळतं. शून्याच्या आसपास असेल तर सगळं ठीक. आयडलला अधिक पंधरा आणि तीन हजार फेऱ्यांवर अधिक तीन दिसलं, तर बहुधा कुठल्यातरी तडकलेल्या होजमधून न मोजलेली हवा आत जातेय. आयडलला एकूण हवाच कमी असल्याने गळतीचा वाटा मोठा पडतो. उलट आयडलला ठीक आणि जोर लावल्यावर वाढत जाणारा ट्रिम असेल, तर दमलेला पंप, चोंदलेला फिल्टर किंवा मळलेला हवा-प्रवाहाचा सेन्सर तपासावा. एकाच आकड्याच्या दोन वागणुकींतून दोन निराळ्या दुरुस्त्या निघतात, आणि अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसण्याचा खर्च वाचतो.

यावर पहिला आक्षेप असा की बिघाड झाला तर इंजिनचा दिवा लागतोच, नोंदी कशाला? पण दिवा लागतो तो कायद्याच्या उंबरठ्यावर. धूर मानकाच्या साधारण दीडपट होईल इतका बिघाड, तोही बहुतेक बाबतींत गाडीच्या सलग दोन प्रवासांत दिसलेला, असा त्याचा निकष. ट्रिम वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात जाईपर्यंत तो गप्प बसू शकतो. शून्यापासून तिथवरचा सगळा प्रवास फक्त नोंदीत दिसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्या सेन्सरांवर विसंबायचं तेही पंचवीस वर्षांचेच ना? खरं आहे, आणि म्हणूनच सुट्या आकड्याला अर्थ कमी. मात्र सेन्सर कायम तीन अंश चुकत असला, तरी मागच्या नोंदीशी तुलना करताना ती चूक दोन्हीकडे सारखीच असते. फरक खरा उरतो. शिवाय सोपी पडताळणी हाताशी आहे. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी चावी फिरवून, इंजिन चालू न करता, कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचावं. दोन्ही बाहेरच्या हवेइतकी, एकमेकांच्या जवळ असायला हवीत. नसतील तर आधी सेन्सर बदलावा.

तिसरा आक्षेप रसिकांचा. अशी गाडी कानाने, हाताने, सीटमधून जाणवणाऱ्या थरथरीने ओळखायची असते. पडद्याकडे बघत ती चालवली तर तिची मजा गेली. यातला पडद्याचा भाग निर्विवाद मान्य, कारण मजेच्या आधी तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. नोंद निघण्याआधी सुरू करावी आणि थांबल्यावर वाचावी. कानाबद्दल मात्र एवढंच म्हणता येईल की हळूहळू होणाऱ्या बदलाची कानाला सवय होते, आणि संगणक तर ट्रिम वाढवून बिघाड झाकतच असतो. गाडी गुळगुळीत चालते ती याच झाकण्यामुळे. सॉकेटची सोळावी पिन कायम बॅटरीला जोडलेली असते, हेही लक्षात ठेवावं. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीत अडॅप्टर लावून ठेवला तर बॅटरी उतरलेली मिळेल.

माझदाने ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली नाही, पण सॉकेट आपल्याकडेही आलं आहे. एप्रिल २०१०मध्ये धुराचं बीएस-४ मानक ज्या मोजक्या शहरांत आधी लागू झालं, त्यांत मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होतं. ओबीडीचा दुसरा टप्पा २०१३पासून आला. अलीकडच्या गाड्यांत कॅन ही वेगवान पद्धत असल्याने आकडे कितीतरी भरभर मिळतात. तरी रीत तीच ठेवावी. चार-पाचच आकडे निवडावेत, रस्ता आणि गिअर तोच ठेवावा, दर ऋतूत एकदा नोंद करावी आणि गाडी सुस्थितीत असतानाची पहिली नोंद जपून ठेवावी; पुढच्या सगळ्या नोंदींना अर्थ तिच्यामुळे येतो. कायदा करणाऱ्यांना या गाडीच्या वेगाशी देणंघेणं नव्हतं. जुनी झालेली गाडी नव्यासारखी राहिली आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकालाही नेमकं तेच हवं असतं, आणि त्याला सेकंदाला सात आकडे भरपूर झाले.