वाढत्या नंबराला लगाम घालणारी लेन्स

लहान मुलांचा चष्म्याचा नंबर वाढत जातो, कारण डोळ्याचा गोळा प्रमाणाबाहेर लांबट होत असतो. साध्या चष्म्याने फळा स्पष्ट दिसतो, पण ही वाढ थांबत नाही.

‘मायसाइट’ ही रोज नवी घालायची मऊ लेन्स इथेच वेगळी ठरते. तिचा मधला भाग नजर दुरुस्त करतो. भोवतालची वर्तुळं थोडा प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकवटतात आणि लांबी वाढण्याचा वेग मंदावतो. पोर्तुगाल, ब्रिटन, सिंगापूर आणि कॅनडातल्या चाचणीत ३ वर्षांत नंबरवाढ सरासरी ५९ टक्क्यांनी कमी झाली. २०१९मध्ये अमेरिकेने ८ ते १२ वयात ती सुरू करायला मान्यता दिली.

आधीचा नंबर मात्र उतरत नाही. पालकांना हे आधीच सांगायला हवं.

हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्स घालायची आणि झोपण्यापूर्वी काढून टाकून द्यायची. मुलं हे शिकतात. सुरुवातीला आईबाबांनी शेजारी थांबावं.