उन्हाला धातूची जोड

सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. पिवळा रंग उडतो, द्रावण काळपट निळं होतं आणि बघता बघता लालभडक. आमच्या एम.एस्सी.च्या मुलांकडून मी हा प्रयोग आवर्जून करून घेते. लाल दिसतं ते सोनंच. फक्त त्याचे कण 15-20 नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजार पटींनी बारीक. त्यांच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन 520 नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाबरोबर एका तालात झुलतात आणि तो प्रकाश शोषून घेतात. या सामूहिक झुलण्याला प्लाझ्मॉन म्हणतात.

उन्हाकडून रासायनिक काम करून घ्यायचं, तर हा गुण फार मोलाचा आहे. 1972 साली जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड या अर्धवाहकावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच हा पदार्थ : स्वस्त, टिकाऊ, पाण्यात न विरघळणारा. पण त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला सुमारे 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. ती फक्त अतिनील किरणांत मिळते आणि उन्हाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम 4-5 टक्के. शिवाय सुटलेला इलेक्ट्रॉन बरेचदा आपल्या रिकाम्या जागी परततो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन जाते.

धातूचे कण या दोन्ही अडचणींवर कामी येतात. अर्धवाहकावर बसवलेला प्लॅटिनमचा कण सुटलेले इलेक्ट्रॉन ओढून घेतो. त्याच्याच पृष्ठभागावर हायड्रोजनचे अणू सहज जोडले जातात. सोन्याचा कण अर्धवाहकाने सोडून दिलेला हिरवा प्रकाश टिपतो आणि त्यातून चेतलेले काही इलेक्ट्रॉन शेजारच्या अर्धवाहकात शिरतात. 2005 मध्ये टोकियो विद्यापीठाच्या यांग तियान आणि तेत्सु तात्सुमा यांनी अशा जोडीतून दृश्य प्रकाशात विद्युतप्रवाह मिळवला.

मात्र हे इलेक्ट्रॉन आपली जादा ऊर्जा सेकंदाच्या अब्जांशाच्याही हजाराव्या भागात गमावतात, त्यामुळे बहुतेक सीमेपर्यंत पोचतच नाहीत. म्हणूनच सारा कस कणाचा आकार, त्याची ठेवण आणि दोन पदार्थांमधला सांधा यांत लागतो. खतांसाठी लागणारा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. तो उन्हापासून मिळावा, असं मला मनापासून वाटतं, आणि या सांध्यावर खपायला माझ्या विद्यार्थ्यांनी पुढे यावं, असंही.